अण्णासाहेबांचे वीस चौकोन

आर. के. पुरमच्या सेक्टर चारमध्ये विनायक पळसुल्यांच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायची पंचाईत आहे. दोरी आहे, चिमटे आहेत, पण दोरीखाली एक जुनं सरकारी टेबल आहे आणि त्यावर अकरा मोबाइल पालथे पडलेले असतात. एखाद्याची पाठ उघडी, एखाद्याची बॅटरी बाजूला काढलेली, एखाद्याच्या काचेला कोपऱ्यातून तडा. स्वरूपावहिनी ओले टॉवेल घेऊन आल्या की आधी "तुमचे पेशंट हलवा" म्हणून बजावतात आणि मग टॉवेल मुद्दाम नीट न पिळताच टाकतात, असं खालच्या मजल्यावरून दिसतं. खालच्या मजल्यावरून बरंच काही दिसतं.

पळसुले बावन्न वर्षांचे, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. मूळचे साताऱ्याचे, पण सव्वीस वर्षं दिल्लीत काढल्यामुळे मराठी बोलता बोलता 'अच्छा' आणि 'बिल्कुल' न बोलावता येऊन बसतात. रांगेत कुणीही बिनधास्त पुढे घुसावं असा चेहरा. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, फोन राहतात. जिन्यात कुणी भेटलं तर "वहिनींची तब्येत कशी आहे" असं न विचारता "चार्जिंग किती वेळ टिकतं आता" असं विचारतात, आणि विचारताना आवाज तोच असतो, तब्येत विचारायचा.

हे वेड लागलं त्याला आठ वर्षं झाली. त्यांचा स्वतःचा फोन चांगला धडधाकट होता आणि एके दिवशी कंपनीनं कळवलं, की या मॉडेलसाठी यापुढे काही सुधारणा मिळणार नाही. नेमक्या त्याच महिन्यात ऑफिसात फाइली कॉम्प्युटरवर आल्या आणि ट्रेनिंगच्या यादीत आधी पोरासोरांची नावं लागली. पळसुल्यांनी दोन्ही गोष्टी एकदमच मनाला लावून घेतल्या. ऑफिसचं काही करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून फोनच्या मागे लागले.

शोधता शोधता त्यांना कळलं, की कंपन्यांनी सोडून दिलेल्या फोनांसाठी जगभरातले हौशी लोक घरी बसून नवी सिस्टीम लिहितात आणि फुकट वाटतात. कुणी पोलंडचा विद्यार्थी, कुणी ब्राझीलचा दातांचा डॉक्टर. कंपनीची सिस्टीम पुसायची आणि ही टाकायची. फोन तोच, काच तीच, बटणं तीच. आतला कारभार नवा. मात्र बऱ्याच फोनांना कंपनीचं आतून कुलूप असतं, आणि ते उघडलं की फोन रुसल्यासारखा पोटातलं सगळं पुसून टाकतो. मधेच वीज गेली किंवा भलतीच फाइल पडली तर तो कायमचा गप्प. अशा फोनची 'वीट झाली' म्हणायचं. पळसुल्यांच्या खात्यात दोन विटा आहेत, दोन्ही स्वतःच्याच. त्यातली एक स्वरूपावहिनी बाल्कनीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली लावतात.

तेव्हापासून आर. के. पुरमातले, मुनीरक्यातले, कधीकधी पार नोएडातले लोक जुने फोन घेऊन येतात. पळसुले पैसे घेत नाहीत. त्यांचा एकच नियम: आधी प्रत. फोनमधलं सगळं, फोटोपासून मेसेजपर्यंत, दोन ठिकाणी उतरवून घेतल्याशिवाय सिस्टीमला हात लावायचा नाही. वहीत नोंद आहे. आठ वर्षांत एकशे सतरा फोन आणि कुणाचा एक फोटो हरवलेला नाही. हे ते स्वतःहून सांगत नाहीत, पण विषय तिकडे वळवतात.

आणि एक खोड. फोन जसा आला तसा परत देणं त्यांच्या हाताला माहीतच नाही. पहिल्या मजल्यावरच्या विजयालक्ष्मी मॅडम फोन फार तापतो म्हणून घेऊन आल्या होत्या. पळसुल्यांनी तो थंड केला, आणि वर सगळी ॲप्स अक्षरवार लावून, फोल्डरांत घालून, फोल्डरांना रंग देऊन दिला. मॅडमना तीन दिवस सकाळचा अलार्म सापडेना. मुलाची बस दोनदा चुकली. त्यांनी जिन्यात उभं राहून जे काही ऐकवलं त्यातलं "आपको बोला था क्या?" एवढं वाक्य सेक्टरात अजून चालतं. कुणी न सांगता मदतीला धावलं, की म्हणतात.

पळसुल्यांनी त्यातून धडा घेतला असेल असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनाही वाटलं होतं.

अण्णासाहेब निरगुडकर हे त्यांचे पहिले साहेब. पळसुले साताऱ्याहून नवे नवे आले तेव्हा नोट कशी लिहायची, कुठल्या अधिकाऱ्याला चहाच्या आधी गाठायचं आणि कुठल्याला नंतर, हे सगळं त्यांनीच शिकवलं. आता वय अठ्ठ्याहत्तर. पत्नी गेल्यापासून गाझियाबादेत, वैशालीला, मुलगा गौरव आणि सून देवयानी यांच्याकडे असतात. पण त्यांचा आठवडा खरा सुरू होतो तो गुरुवारी. सकाळी दहाला वैशालीहून एकट्यानं मेट्रो पकडायची, दहाव्या स्टेशनावर मंडी हाउसला उतरायचं, आणि कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सदनाच्या कँटीनमध्ये चार निवृत्त मित्रांबरोबर साबुदाणा वडा खात देशाचा कारभार दुरुस्त करायचा. उरलेले सहा दिवस तोच कारभार व्हॉट्सॲपवर चालतो. त्यात अण्णासाहेब कधी टाइप करत नाहीत, बोलून पाठवतात. तात्याराव म्हणून त्यांचे जुने सहकारी आहेत, ते चिडवतात, की साहेबाला डिक्टेशनची सवय जाईना, आणि स्टेनो मिळेना म्हणून फोनला देतात. अण्णासाहेब यावरही बोलूनच उत्तर देतात, आणि ते इथं लिहिण्यासारखं नसतं.

फेब्रुवारीत त्यांचा पळसुल्यांना फोन आला. त्यांच्या फोनची सिस्टीम फार जुनी झाली होती, आणि लवकरच त्यावर व्हॉट्सॲप चालणार नाही अशी सूचना आल्याचं देवयानीनं सांगितलं होतं. गौरव त्याच संध्याकाळी नवा फोन घेऊन आला. तो खोक्यातच पडून होता. नवा नको, हाच हवा, असा अण्णासाहेबांचा आग्रह. कारण विचारलं तर साहेबी थाटात म्हणाले, "विनायक, आतून काय करायचं ते कर. बाहेरून मला कळता कामा नये."

पळसुल्यांना हे वाक्य इतकं आवडलं, की स्वरूपावहिनींना त्यांनी ते दोनदा ऐकवलं. त्याचा अर्थ मात्र त्यांनी स्वतःच्या सोयीनं लावला: साहेबांना आपल्या कामाची कदर आहे.

शनिवारी ते वैशालीला गेले. दार अण्णासाहेबांनीच उघडलं, "या" म्हणाले, आणि पळसुल्यांनी नमस्कार म्हटल्यावर, "अरे विनायक! ये ये." अलीकडे ते बोलताना समोरच्याच्या कानाकडे बघत. साहेब माणूस, पूर्वीही कुणाच्या डोळ्यांत फारसं बघत नसत, तेव्हा पळसुल्यांना त्यात काही वाटलं नाही. देवयानीनं उपमा दिला आणि उपम्याबरोबर तक्रार. बाबा हट्टी आहेत, नव्या फोनचं खोकंसुद्धा उघडू देत नाहीत, गौरव तर म्हणतो की यार, हे माझ्यापेक्षा लहान झालेत. अण्णासाहेब ऐकून घेत होते. मग त्यांनी खिशातून फोन काढला. काचेखाली उंचवट्याचं एक बटण होतं, जुन्या फोनांना असायचं तसं. त्यावरून अंगठा फिरवला आणि फोन पळसुल्यांच्या हातावर ठेवला.

"बुधवारच्या आत दे. पुढे गुरुवार आहे."

रविवारी सकाळी पळसुल्यांनी तो टेबलावर घेतला आणि चालू केल्या केल्या त्यांना साहेबांची दया आली. पडद्यावर चार उभ्या ओळी, पाच आडव्या, असे वीस चौकोन. त्यात एकेका माणसाला थेट फोन लावायची चिन्हं, पण कशीही टाकलेली. तात्याराव उजव्या कडेला, दुसऱ्या ओळीत. देवयानी डाव्या कोपऱ्यात वर. गौरव दोनदा: एकदा वरच्या उजव्या कोपऱ्यात, एकदा तळाशी, बटणाच्या अगदी डोक्यावर. मधले चौकोन सगळे रिकामे. बाकीची चिन्हंही कडेला चिकटलेली, जसं काही कुणी पसारा भिंतीला सारून मधली जमीन मोकळी केली आहे. पूर्वी ज्यांच्या टेबलावर पेन्सिलसुद्धा तिरकी नसायची, त्यांचा हा पडदा.

मग त्यांनी नियमाप्रमाणे प्रत काढली. या जुन्या फोनला ते कुलूप नव्हतं, त्यामुळे आतल्या सगळ्याचीच हुबेहूब नक्कल उतरवून घेता आली. मग जुनी सिस्टीम पुसली, नवी टाकली. फोन पहिल्या झटक्यात उठला. बाल्कनीत उभं राहून पळसुले स्वतःशीच हसले.

इथं थांबायला हवं होतं. ते थांबले नाहीत. सगळी चिन्हं त्यांनी वरून ओळीनं अक्षरवार लावली. प्रत्येक नावाला फोटो हवा म्हणून तात्यारावांकडून कँटीनमधला जुना ग्रुप फोटो मागवला आणि त्यातून एकेक चेहरा कापून, उजळून, नावावर बसवला. नव्या सिस्टीममध्ये बोट खालून वर सरकवलं की काम होतं, म्हणून ते जुनं बटण बंद करून टाकलं. उगाच चुकून दाबलं जायचं. संध्याकाळपर्यंत फोन नव्या नवरदेवासारखा दिसायला लागला.

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर त्यांनी तो वैशालीला नेऊन दिला. अण्णासाहेबांचा अंगठा आधी बटणावर गेला. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पळसुल्यांनी उत्साहानं सांगितलं, की आता त्याची गरज नाही, असं सरकवायचं, बघा. देवयानीनं फोटो बघून कौतुक केलं. अण्णासाहेब थोडा वेळ फोन हातात धरून बसले.

"छान झालाय," म्हणाले.

बुधवारी पळसुल्यांना अण्णासाहेबांचे तीन फोन आले. पहिला अकराला. उचलला तर पलीकडून, "तात्या, उद्या जरा लवकर—" आणि पळसुल्यांचा आवाज ऐकल्यावर बंद. दुसरा पंधरा मिनिटांनी. यावेळी कुणी बोललंच नाही, फक्त श्वास. तिसरा जेवणाच्या सुट्टीनंतर. पळसुल्यांना गंमत वाटली. अक्षरवार लावल्यामुळे विनायक हे नाव नेमकं तात्यारावांच्या जुन्या जागी आलं होतं, उजव्या कडेला. थोडं समजुतीनं, थोडं चेष्टेनं ते म्हणाले, "अण्णासाहेब, नाव लिहिलंय की खाली. वर फोटोपण लावलाय आपण."

पलीकडून मग अगदी सावकाश, फाइलवर सही करावी तसं उत्तर आलं:

"हो. लिहिलंय."

पळसुले तसेच बसून राहिले. समोर कॉम्प्युटरवर एक फाइल मंजुरीची वाट बघत होती. शेजारच्या टेबलावरचा पोरगा काहीतरी विचारत होता, ते त्यांना ऐकू आलं नाही. दारातलं ते "या", आणि आवाज ऐकल्यावरचं "अरे विनायक". कानाकडे बघणं. वर्ष दीड वर्ष टाइप न करणं, आणि त्यावर चार हुशार माणसांचं हसणं. हसणाऱ्यांत पळसुलेही होते. त्यांनीच एकदा स्टेनोचा विनोद पुढे चालवला होता.

त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी बाल्कनीतल्या अकरा फोनांतून त्याच मॉडेलचा एक शोधून काढला आणि त्यात अण्णासाहेबांच्या जुन्या फोनची प्रत उलटी उतरवली. तासाभरात तो पसारा जसाच्या तसा समोर आला. पळसुल्यांनी डोळे मिटले. अंगठा बटणावर ठेवला, तिथून एक पेर वर: गौरव. बोट काचेच्या उजव्या कडेवरून खाली घसरवलं, पहिला कोपरा गौरव, दुसरा थांबा तात्याराव. डावा कोपरा, देवयानी. जिथं कड नाही, कोपरा नाही, बटणाचा आधार नाही, तिथं काहीही नव्हतं. तो पसारा नव्हताच. एका माणसानं मोजून मापून, बोटाच्या पेरांनी, स्वतःसाठी आखून घेतलेली वाट होती, आणि ती पळसुल्यांनी फुलं लावून बंद केली होती. एकशे अठरा फोन. फोटो एकही हरवला नाही.

स्वरूपावहिनी टॉवेल घ्यायला आल्या तेव्हा ते डोळे मिटून बसले होते. त्यांनी सगळं सांगितलं. वहिनी एरवी अशा वेळी टोमणा मारल्याशिवाय राहत नाहीत. त्या दिवशी मारला नाही. फक्त विचारलं, "गौरवला सांगणार ना तुम्ही?"

पळसुले म्हणाले, ते त्यांचं गुपित आहे. वहिनी म्हणाल्या, गुपित ठीक आहे, पण दिसत नसलेला माणूस दर आठवड्याला एकटा यमुना ओलांडून जातो, प्लॅटफॉर्मच्या कडेला उभा राहतो. उद्या काही झालं तर तुम्हाला माहीत होतं हे तुम्हीच सांगत बसणार का देवयानीला? पण सांगितलं तर पहिला बंद होईल तो गुरुवार, हे वहिनींनाही कळत होतं. त्या दोरीवरचे टॉवेल काढत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्यारावांचा फोन आला. अण्णा आला नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा. घसा बसलाय म्हणून निरोप आला, तोही सुनेकडून, टाइप केलेला. "काय रे, तू काही घातलंस का त्याच्या फोनमध्ये?" तात्यारावांनी गमतीत विचारलं. पळसुल्यांनी शुक्रवारची अर्धी रजा टाकली.

वैशालीच्या घरी गौरव खोलीत लॅपटॉपवर होता, शुक्रवारी तो घरूनच काम करतो. पळसुल्यांनी देवयानीला सांगितलं, की फोनचं थोडं काम राहिलंय, खाली बागेत उन्हात बसून करतो, अण्णासाहेबांनाही जरा पाय मोकळे होतील. दोघं खाली आले. अण्णासाहेब लिफ्टमधून उतरले, दोन पायऱ्या उतरले, पाण्याच्या पाइपला वळसा घातला, कुठंही अडखळले नाहीत. पळसुले बघत होते आणि त्यांना काही कळेना.

बाकावर बसून त्यांनी वहीतलं पान मांडीवर घेतलं. त्यावर वीस चौकोन काढून आणले होते. अण्णासाहेबांचा फोन घेतला, आधी बटण चालू केलं, मग एकेक फोटो काढून टाकत एकेक चिन्ह जुन्या जागी नेऊन ठेवायला लागले. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले, अण्णासाहेब?"

अण्णासाहेब घसरगुंडीकडे तोंड करून बसले होते.

"दीड वर्ष," ते म्हणाले. "पाइप दिसतो मला. कडेचं सगळं दिसतं. जिथं बघावं तेवढंच जातं. तुझ्याकडे बघितलं तर तुझा चेहरा जातो, बाकाची फळी राहते. डॉक्टर म्हणाला, मधलं परत येणार नाही, कडेचं बहुतेक राहील. त्याआधी हातात चार-सहा महिने होते वाचण्यापुरते. तेवढ्यात फोन लावून घेतला आणि पाठ केला."

"गौरवला का नाही सांगितलं?"

"चांगला मुलगा आहे म्हणून. नालायक असता तर सांगितलं असतं. नालायक मुलगा बापाला मोकळा सोडतो. हा रजा टाकेल, गाडी काढेल, मला सदनाच्या दारापर्यंत सोडेल, बाहेर थांबेल आणि पंधरा मिनिटांनी आत येऊन विचारेल, बाबा, झालं का."

पळसुल्यांना हसू आलं, आणि हसू आल्याचं वाईट वाटलं. त्यांनी शेवटचं चिन्ह बसवलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. अंगठा बटणावर गेला, पडदा उजळला. बोट उजव्या कडेवरून घसरलं, दुसऱ्या थांब्याला थांबलं. पलीकडून तात्याराव ओरडले, की घसा बसलेला माणूस फोन कसा करतो. अण्णासाहेबांनी त्यांना दोन शिव्या दिल्या, ठणठणीत आवाजात, आणि फोन ठेवला. त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलेलं दिसलं.

पळसुले इथंही थांबू शकले असते. पण यावेळी त्यांनी आधी विचारलं. म्हणाले, अजून एक गोष्ट या नव्या सिस्टीममध्ये होते, जुनीत नीट होत नव्हती, दाखवू का? अण्णासाहेबांनी मान हलवली. फोन बोलतो, पळसुल्यांनी सांगितलं. बोट जिथं लावाल ते वाचतो. मराठीतसुद्धा. ग्रुपवर मित्र काय काय लिहितात ते, बातम्या, बँकेचे मेसेज, सगळं.

"तात्या लिहितो ते?"

"सगळं."

दीड वर्षात तात्यारावांनी, बाकीच्यांनी जे जे लिहिलं होतं, त्यातलं अण्णासाहेबांपर्यंत काही पोचलं नव्हतं. बोललेलं तेवढं ऐकलं होतं. लिहिलेल्यावर 'हो हो, वाचलं' म्हणून वेळ मारून नेली होती. त्यांनी फोन हातात उलटा सुलटा केला. मग जुना अधिकारी जागा झाला आणि त्यांनी अडचण कुठं आहे ते विचारलं. अडचण होती. बोलायला लागला की फोनची रीतच बदलते: एकदा टेकवलं की वाचतो, दोनदा टेकवलं तरच उघडतो. देवयानी रोज त्यांचा फोन चार्जिंगला लावते, अधूनमधून काही बघते. पहिल्याच दिवशी तिला कळेल. कानात वायर घालून आवाज लपेल, हे लपणार नाही.

"म्हणजे गप्प ठेवला तर फोन माझा, गुरुवार माझा, आणि अक्षर एक नाही," अण्णासाहेब म्हणाले. "बोलता केला तर अक्षरं मिळतील, आणि घरात बोभाटा."

पळसुल्यांनी त्यांचं बोट धरून फोनच्या कडेवरची आवाजाची दोन्ही बटणं दाखवली. दोन्ही एकदम दाबून तीन सेकंद धरायची, की फोन बोलायला लागेल. पुन्हा तसंच केलं की गप्प. मी चालू करून देत नाही, म्हणाले. आणि मग जे स्वरूपावहिनींना सांगता आलं नव्हतं ते इथं आपसूक बाहेर पडलं. "गौरवला मी सांगणार नाही. पण त्यानं विचारलं तर खोटंही बोलणार नाही, अण्णासाहेब."

"फाइल माझ्या टेबलावर सरकवून मोकळा झालास."

"तुम्हीच शिकवलंत."

अण्णासाहेब हसले नाहीत. ऊन बाकावरून उतरेपर्यंत दोघं बसून राहिले.

वर आल्यावर देवयानीनं चहा टाकला. गौरवही कॉल संपवून बाहेर आला, दिवसभर बसून आंबलेला. नव्या फोनचं खोकं टीव्हीजवळ तसंच पडलं होतं. ते हातात घेऊन त्यानं पळसुल्यांना विचारलं, "काका, मग काय करू, हा परत देऊ का? बाबांचा ठीक चाललाय ना? सच सांगा, बुधवारपासून त्यांनी त्याला हातसुद्धा लावलेला नाही. काही प्रॉब्लेम आहे का?"

प्रश्न सरळ होता आणि पळसुल्यांच्या समोरच येऊन पडला होता. त्यांनी कप खाली ठेवला. तोंड उघडण्याच्या आत सोफ्याच्या कोपऱ्यातून एका बाईचा आवाज आला, सपाट, घाईघाईचा, शब्द चावत बोलणारा. देवयानी ट्रे घेऊन जागीच थांबली. फोन बोलत होता. अण्णासाहेबांचा अंगठा अजून बटणांवर होता. मग त्यांनी बोट पडद्यावर नेलं, चुकलं, वेळ कळली, बॅटरी कळली, पुन्हा शोधलं, दोनदा टेकवलं; आणि ती बाई तात्यारावांचा कालचा मेसेज वाचायला लागली. तुझ्याशिवाय वडे पाच मागवले आणि एक उरला. खुर्ची तशीच ठेवली होती. घशाला मीठ-पाण्याच्या गुळण्या कर, नाटकं करू नकोस.

अण्णासाहेबांनी तो एकदा ऐकला, मग पुन्हा बोट टेकवून दुसऱ्यांदा ऐकला. तिसऱ्यांदाही ऐकला असता, पण गौरव म्हणाला, "बाबा, हे काय आहे?"

"बस," अण्णासाहेब म्हणाले. "देवयानी, तूही बस. ट्रे ठेव आधी."

सांगायला दहा मिनिटं लागली नाहीत. नोट लिहावी तसं सांगितलं, क्रमानं, विशेषणं न वापरता. डॉक्टर, तारीख, काय गेलं, काय राहिलं. मधे एकदा देवयानीनं पदरानं नव्हे, ट्रेखालच्या रुमालानं डोळे पुसले, आणि रुमाल चहानं भिजलेला होता हे तिला नंतर कळलं. गौरव बापाच्या चेहऱ्याकडे बघत होता, अण्णासाहेब त्याच्या कानाकडे. दीड वर्ष आपण याला अकड समजत होतो, एवढंच तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर पळसुल्यांना सोपं गेलं असतं.

मग त्यानं ते विचारलंच. "आणि गुरुवार?"

"गुरुवारी मी जाणार."

"एकटे?"

"दहावं स्टेशन आहे. मोजता येतं मला."

"नाही, बाबा. मी येतो मंडी हाउसपर्यंत. प्लीज. बिल्कुल काही बोलणार नाही, आतही येणार नाही."

देवयानीनं पळसुल्यांकडे बघितलं, पळसुल्यांनी गार झालेल्या चहाकडे. त्यांना वाटलं, आता उठावं, पण उठण्यासारखं काही घडत नव्हतं. अण्णासाहेबांनी फोन उलट्या हातानं शर्टाच्या खिशात ठेवला, आणि खिशातूनही तो बाईचा आवाज काहीतरी सांगत राहिला.

"ये," ते शेवटी म्हणाले. "पण दुसऱ्या डब्यात बस."